जुन्या नकाशात शहापूर वेगळ्या रंगात का आहे?

प्रश्न (खानापूरकर): नमस्कार. आजोबांच्या ट्रंकेत कापडावर चिकटवलेला, घडीचा एक जुना इंग्रजी नकाशा सापडला. प्रमाण एक इंचास एक मैल असे आहे. त्यात बेळगाव एका रंगात आणि त्याला लागूनच असलेले शहापूर मात्र दुसऱ्याच रंगात दाखवले आहे. ही छपाईची चूक समजावी काय? असे नकाशे मुळात कशासाठी वापरत असत? आमच्या शेताजवळच्या पाणंदीचा वाद चालू आहे, तिथे याचा काही उपयोग होईल काय?

उत्तर (वडगावचा वाचक): ती चूक नव्हे. शहापूर हे सांगली संस्थानाचे होते आणि 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत तसेच राहिले. त्या काळी रंग पाहून कारकुनाला सारा कोण वसूल करणार आणि गुन्हा घडल्यास फौजदार कोणाचा, हे एका नजरेत कळत असे. जमखंडी, कुरुंदवाड, रामदुर्ग या संस्थानांचे तुकडेही आपल्या भागात असेच विखुरलेले दिसतील. नकाशाचे साल सापडत नसेल, तर हे रंगच कालखंडाचा अंदाज देतील.

उत्तर (निवृत्त मोजणीदार): पाणंदीच्या वादात मात्र या नकाशावर भिस्त ठेवू नये. एक मैल म्हणजे 5,280 फूट. तेहतीस फुटी पाणंद एवढ्या प्रमाणावर एका इंचाचा 160वा भाग होईल, म्हणजे दौतीच्या टाकाच्या रेघेहूनही बारीक. असे नकाशे फौजेच्या हालचाली, रस्ते, घाट आणि पाणवठे यांसाठी होते. विल्यम लॅम्बटन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1802 मध्ये मद्रासजवळ पायाभूत रेषा मोजून सुरू केलेल्या त्रिकोणमितीय मोजणीच्या आधारावर ते पुढे उभे राहिले.

बांधासाठी पाहावे लागते ते टिपण, म्हणजे शेताच्या मोजणीची मापे नोंदवलेला कच्चा आराखडा. त्याची परंपरा वेगळी असून, ती 1830 च्या दशकात इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी बसवलेल्या सारापद्धतीपासूनची आहे. 33 फुटांची साखळी, तिचे 16 भाग म्हणजे आणे. साखळीभर चौरस म्हणजे एक गुंठा आणि 40 गुंठ्यांचा एकर. एका बैलजोडीला कसता येईल एवढ्या जमिनीचा सर्वे नंबर पाडण्याचा त्यांचा हिशोब होता. (आजही आपण गुंठ्यातच भाव सांगतो, हे त्या साखळीचेच देणे.)

उत्तर (मार्कंडेयकाठ): मोजणीदारसाहेबांशी सहमत आहे, पण टिपणालाही एकमेव सत्य मानू नये, असे वाटते. ते साऱ्यासाठी केलेले असल्याने, ज्यावर आकार (साऱ्याची रक्कम) बसतो किंवा माफ होतो तेच त्यात नेमके येते. केवळ वहिवाटीची पायवाट त्यात नाही म्हणून ती नव्हतीच, असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट आपला एक इंची नकाशा गाडीवाट, तळी आणि ओढ्यांचे मूळ वळण दाखवतो. हिडकल धरणाच्या पाण्याखाली गेलेला परिसर किंवा शहरातले बुजलेले तळे शोधायचे असेल, तर तोच उपयोगी पडतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. टिपणाच्या नकलेसाठी अर्ज करतो. शहापूरचा उलगडा झाल्यावर आठवले, की आजी तिथल्या पेठेत लुगडे घ्यायला निघाली की "संस्थानात जाऊन येते" असे म्हणायची, आणि आम्ही मुले हसायचो.