हसताना तोंडावर हात ठेवते, बारा वर्षांच्या मुलीला आत्ताच तार लावावी का?

मानेवाड्याची आई
नमस्कार. माझी मुलगी बारा वर्षांची, सातवीत आहे. वरचे समोरचे दात बरेच पुढे आलेत, ओठ नीट मिटत नाहीत. आधी खूप बडबडी होती, पण या वर्षी हसताना हात तोंडावर जातो, शाळेच्या ग्रुप फोटोत ओठ आत दाबून उभी, आणि पेरू बारीक कापून दिला नाही तं खातच नाही, म्हणे समोरून चावता येत नाही. वर्गातले पोट्टे चिडवतात हे तिच्या मैत्रिणीकडून कळलं, ती स्वतः काही सांगून नाही राहिली. डॉक्टर म्हणाले तार लावा, दीड-दोन वर्षं लागतील. सासूबाई म्हणतात दुखत नाही, कीड नाही, मग कशाला एवढा खर्च, लग्नाच्या वेळी पाहू. मला तिचं हे गप्प होणं बघवत नाही. हे फक्त दिसण्यासाठीच असतं का? आणि तार लावली तर आणखी चिडवतील का?

दातांची डॉक्टर, धरमपेठ
ताई, फक्त दिसण्यासाठी अजिबात नाही. पुढे आलेल्या दातांना मार लागायचा धोका जास्त असतो, त्यात ओठ मिटत नसतील तर सायकलवरून पडल्यावर आधी तेच तुटतात. उपचाराची गरज किती आहे ते ठरवायला आम्ही आयओटीएन वापरतो, ब्रूक आणि शॉ यांनी १९८९ मध्ये मांडलेली पद्धत आहे. त्यात १ ते ५ ग्रेड असतात. वरचे दात खालच्या दातांपेक्षा ६ मिलिमीटरहून जास्त पुढे असले की ग्रेड ४, ९ च्या वर गेले की ५, आणि ४-५ म्हणजे उपचार हवेच. त्यातच दुसरा भाग दिसण्याचा, दहा फोटोंशी ताडून बघायचा. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा किती मिलिमीटर आणि कोणता ग्रेड, म्हणजे सासूबाईंनाही आकडा सांगता येईल.

पण मोजपट्टीत मुलीच्या मनातलं येत नाही. त्यासाठी ११ ते १४ वयाच्या मुलांची वेगळी प्रश्नावली आहे, गेल्या तीन महिन्यांत दातांमुळे चिडवलं का, हसायचं टाळलं का, वर्गात मोठ्याने वाचायचं टाळलं का, चावायला त्रास झाला का असं विचारतात. या दोन गोष्टी नेहमी जुळत नाहीत बरं का, एखाद्याचे दात खूप वेडेवाकडे असून तो बिनधास्त असतो आणि एखादी जराशा फटीपायी बोलायचं सोडते. तुमच्या मुलीत दोन्हीकडून गरज दिसते.

लग्नापर्यंत थांबू नका. खालचा जबडा मागे असेल तर वाढीच्या वयातच त्याला प्लेट, म्हणजे तोंडात बसवायचं जबड्याचं साधन, लावून मदत करता येते आणि मुलींची वाढ मुलांच्या आधी होते. नंतर दात सरकवता येतात, पण जबडा वाढवता येत नाही, फरक फारच असला तर ऑपरेशनवर गोष्ट जाते.

आयटी पार्कवाला
मी नोकरी लागल्यावर स्वतःच्या पैशाने तार लावली. घरी दातांचा विषय काढला की पोरासारखा पोरगा आणि आरशात काय पाहतो असंच ऐकायचो, त्यामुळे कॉलेजात व्हायवाला पण मान खाली घालून बोलायचो, मार्क गेले ते वेगळेच. म्हणून म्हणतो पोरीला आत्ताच करून द्या. खरं सांगायचं तं सुरुवातीचे दिवस त्रासाचे असतात, गालाला आतून तार घासते, फोड येतात, डॉक्टर मेण देतात ते तारेवर चिकटवायचं. वरण-भात, खिचडी चालते, तर्री पोहे खायचे तं वरचा चिवडा पूर्ण भिजू द्यायचा, चणे अजिबात नाही, ब्रॅकेट म्हणजे दातावर चिकटवलेला तारेचा छोटा तुकडा-आधार निघून येतो. पण तार घट्ट केली की दोन-चार दिवस दुखते आणि मग सवय होते. चिडवायचं म्हणाल तं आजकाल वर्गात चार-पाच पोरांना तार असतेच.

महालातली मावशी
पैशाची अडचण असेल तर आपल्या नागपूरच्या मेडिकलच्या (सरकारी दवाखान्याच्या) आवारातल्या गव्हर्नमेंट डेंटल कॉलेजात दाखव गं, प्रायव्हेटपेक्षा बराच कमी खर्च येतो. हिंगणा रोडलाही डेंटल कॉलेजं आहेत. गर्दी असते, चकरा पडतात, शाळा बुडते हे धरून चाल. आणि तार निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर लावावाच लागतो, आमच्या भाचीने कंटाळून सोडला तर समोरचे दात परत सरकले, एवढे पैसे घालून! म्हणून आधी पोरीला विचार, तिला स्वतःला हवंय का. दोन वर्षं रात्री ब्रश घेऊन तारेच्या खालीवर घासायचं तिलाच आहे.

मानेवाड्याची आई
सगळ्यांचे खूप आभार. आज तिला वर्गात वाचायचं टाळतेस का विचारलं तर मान हलवली आणि मग बरंच बोलली, मराठीच्या तासाला मुद्दाम मागच्या बाकावर बसते म्हणे. तार हवी असं स्वतःच म्हणाली. डॉक्टर ताई, प्लेट आणि तार दोन्ही लागतात का, की एकच?

दातांची डॉक्टर, धरमपेठ
बऱ्याचदा आधी प्लेट, मग तार. एक्स-रे काढून जबडा बघितल्याशिवाय कोणीच नक्की सांगू शकत नाही. जाताना तिला आत सोबत घ्या आणि प्रश्न तिलाच विचारू द्या.