बाखचे ‘मॅग्निफिकाट’: चिकित्सक आवृत्तीचे व्होकल स्कोअर घ्यावेत का?

मिरजेचा_टेनर

नमस्कार. मिरजेतील आमच्या चर्चचा गायकवृंद यंदाच्या नाताळात योहान सेबास्टियन बाखचे ‘मॅग्निफिकाट’ (मरियेचे लॅटिन स्तुतिगीत) गाण्याच्या विचारात आहे. वाद्यवृंद मिळण्यासारखा नाही. साथीला पियानो आणि जमलेच तर पुण्याहून येणारा एखादा चेलोवादक असेल. चर्चच्या कपाटात एकोणिसाव्या शतकातील आवृत्तीवरून छापलेल्या काही प्रती आहेत, परंतु त्या सर्वांना पुरणार नाहीत. नव्या घ्यायच्याच तर जर्मनीतील चिकित्सक आवृत्तीवर (हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या पाठावर) आधारलेल्या घ्याव्यात, असे काही सभासद म्हणतात. सुरांमध्ये खरोखरच एवढा फरक असतो का? आणि पाठभेदांची चर्चा व्होकल स्कोअरमध्ये (गायकांचे भाग व पियानोची साथ असलेल्या प्रतीत) मिळते, की त्यासाठी वेगळा ग्रंथ पाहावा लागतो?

कृष्णाकाठ

खरेदीच्या आधी कोणते ‘मॅग्निफिकाट’ गाणार ते ठरवावे, कारण बाखच्या हातची दोन आहेत. १७२३ चे ई-फ्लॅट मेजर या स्वरपट्टीत आहे आणि त्यात नाताळासाठी चार जादा रचना मध्ये मध्ये घातलेल्या आहेत. सुमारे १७३३ मध्ये बाखने त्याची डी मेजरमध्ये पुनर्रचना केली आणि त्या चार रचना वगळल्या. दोन्ही हस्तलिखिते बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात असून आल्फ्रेड ड्यूर यांनी नव्या बाख-आवृत्तीसाठी, म्हणजे तुम्ही म्हणता त्या जर्मन चिकित्सक आवृत्तीसाठी, १९५५ मध्ये दोन्ही पाठ स्वतंत्रपणे संपादित केले. जुन्या प्रतींवर केवळ ‘मॅग्निफिकाट’ एवढेच छापलेले असेल, तर पहिल्या पानावरील स्वरचिन्हे पाहून पाठ ओळखावा: दोन शार्प (♯) असतील तर नंतरचा, तीन फ्लॅट (♭) असतील तर आधीचा.

पाठभेदांची तपशीलवार चर्चा व्होकल स्कोअरमध्ये नसते. भांडारकर संस्थेच्या महाभारतात पानाच्या तळाशीच पाठभेद दिसतात, तशी सोय येथे नाही. संपादकाचा चिकित्सा-अहवाल वेगळ्या खंडात असतो आणि गायकाच्या हाती बहुधा प्रस्तावनाच येते. ती मात्र वाचावीच. नाताळच्या चार रचनांपैकी ‘विर्गा जेसे फ्लोरुइट’ अपुरी उरली आहे आणि तिचा शेवट बाखच्याच ११० क्रमांकाच्या कांटाटाच्या (गायक व वाद्यांसाठीच्या अनेक भागांच्या रचनेच्या) आधारे पूर्ण करण्यात येतो. प्रस्तावना न वाचणाऱ्या गायकाला यातला बाख किती आणि संपादक किती, हे कळण्यास दुसरा मार्ग नाही.

सांगलीचा_बास

वरील माहिती योग्यच आहे, तरीही सर्वांसाठी नव्या प्रती घेण्याचा आग्रह मला पटत नाही. गायकांच्या सुरांमध्ये फरक थोडे असतात. जुन्या प्रती खरी दिशाभूल करतात ती नंतरच्या संपादकांनी घातलेल्या क्रेशेंदो (आवाज वाढवण्याच्या खुणा), बंधरेषा (सूर जोडणाऱ्या रेषा) आणि लयसूचनांमुळे, आणि त्या पेन्सिलीने खोडता येतात. चांगल्या चिकित्सक आवृत्तीत संपादकाची भर लहान टायपात, तुटक रेषांत किंवा कंसात दाखवलेली असते, एवढाच गायकाच्या दृष्टीने तिचा लाभ.

संचालकाकडे मात्र चिकित्सक आवृत्तीचा फुल स्कोअर (सर्व आवाज व वाद्ये दाखवणारी प्रत) हवा. व्होकल स्कोअरमधला पियानोचा भाग म्हणजे वाद्यवृंदाचे संक्षिप्त रूपांतर. ते बाखने लिहिलेले नाही. त्यातील डाव्या हाताची ओळ चेलोवादकाला देऊ नये. पियानोवर हात पुरावा म्हणून तेथे काही सूर गाळलेले वा सप्तक बदललेले असू शकतात. कंटिन्युओची (साथीच्या मूळ खर्ज ओळीची) स्वतंत्र प्रत मागवावी.

मिरजेचा_टेनर

आम्ही डी मेजरकडे झुकलो आहोत, कारण आमच्या सोप्रानोंना (उंच आवाजाच्या गायिकांना) अर्ध्या स्वराचाही फरक जाणवतो. नाताळच्या चार रचना मग सोडूनच द्याव्या लागतील का?

कृष्णाकाठ

तसे नाही. काही प्रकाशक त्या डी मेजरला जुळतील अशा स्वरांत उतरवून देतात. मागवताना तेवढे विचारून घ्यावे. त्यांपैकी ‘फॉम हिमेल होख’ चार आवाजांची असून वाद्यांशिवाय गाता येते, तेव्हा तुमच्या परिस्थितीत ती आधी बसवावी. मुख्य रचनेत सोप्रानोचे दोन भाग आहेत, म्हणून प्रतींची संख्या ठरवताना आवाज पाच धरावेत.

‘सुस्केपिट इस्राएल’मध्ये स्त्रियांच्या तीन आवाजांवर एक प्राचीन प्रार्थनासूर वाजतो, १७२३ मध्ये तो ट्रम्पेटकडे होता, नंतर ओबो या फुंकवाद्यांकडे गेला. पियानोच्या रूपांतरात तो इतर सुरांत बुडण्याची शक्यता असते. बासरी किंवा व्हायोलिन वाजवणारे कोणी सापडले, तर ती ओळ फुल स्कोअरमधून उतरवून त्यांच्याकडे सोपवावी.