मदत हवी आहे: सेसना १७२एस, उजव्या पंखाखाली निळा डाग, टाकीत पाणी आणि जुने होज

झुआरीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विमान सेसना १७२एस, इंजिन लायकमिंग आयओ-३६०-एल२ए. गोव्यात उघड्यावर कव्हर घालून उभं असतं. तीन तक्रारी आहेत.

उजव्या पंखाखाली, बुडाजवळच्या (पंख केबिनला जोडतो तिथल्या) ड्रेन व्हॉल्व्हच्या आसपास इंधनाचा निळा डाग येतो. पुसला की दुसऱ्या दिवशी परत हजर. जोराचा पाऊस झाला की उजव्या टाकीच्या सॅम्पलमध्ये पाणी सापडतं, डावी कोरडी. आणि इंजिनकडच्या रबरी फ्युएल होजांच्या टॅगवरची तारीख ६ वर्षांपूर्वीची आहे, होज दिसायला मात्र ठणठणीत.

एआरसीचं (उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणपत्राचं) नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. डाग किती मोठा झाला की विमान जमिनीवर ठेवायचं? बाहेरून सीलंट लावून भागेल का? भर पावसाळ्यात टाकी उघडावी की चतुर्थीनंतर? आणि होज तपासून आणखी वर्षभर वापरता येतील का?

कोरडं_कापड

आधी डाग मोजा, मग बाकीचं बोलू. जागा पूर्ण पुसून कोरडी करा, घड्याळ लावा, ३० मिनिटांनी ओल किती पसरली ते पाहा. पाऊण इंच व्यासापर्यंत असेल तर तो नुसता डाग. पाऊण ते दीड इंच म्हणजे पाझर, दीड ते चार इंच म्हणजे जड पाझर. त्याहून जास्त पसरलं, थेंब गळायला लागले किंवा पुसताक्षणी ओघळ आला तर ती वाहती गळती.

मोकळ्या, हवेशीर जागी डाग किंवा पाझर असेल तर सहसा नोंद करून लक्ष ठेवतात आणि टाकी पुढच्या वेळी उघडली की दुरुस्त करतात. वाहती गळती असेल तर पुढच्या उड्डाणाआधी दुरुस्ती, त्यात तडजोड नाही. बंदिस्त जागेतल्या गळतीचंही तसंच, मग ती पाव इंचाची का असेना. तिथे वाफ साठते, आणि ॲवगॅसची (पिस्टन विमानाच्या पेट्रोलची) वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली बसून राहते. हे ढोबळ माप झालं. तुमच्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये याहून कडक मर्यादा असेल तर तीच धरायची.

तुमचा डाग पंखाच्या बुडाशी आहे, म्हणून विचारतो: पंख आणि केबिनमधली फेअरिंग (सांधा झाकणारी पट्टी) काढून पाहिली का? इंधन रिव्हेटांच्या रांगेवरून, कडेकडेने लांब जातं आणि भलत्याच ठिकाणी डोकं वर काढतं. बाहेर दिसतो तो गळतीचा शेवट. उगम शोधायला संशयित जागा कोरड्या करून टाल्कम पावडरचा पातळ थर द्या आणि टाकी भरलेली ठेवा. पावडर जिथे सगळ्यात आधी ओली होईल, तिथे उगम.

रनवे२६

इतकं कशाला? ड्रेन व्हॉल्व्ह थोडा आवळा, वरून सीलंटचा हात फिरवा. बऱ्याच ठिकाणी असंच चालतं.

कोरडं_कापड

चालतं, आणि सहा महिन्यांनी तेच विमान जास्त बिल घेऊन परत येतं. बाहेरून लावलेल्या थरामागे इंधनाचा दाब असतो आणि पत्रा आधीच इंधनाने माखलेला. पॉलिसल्फाइड (टाकीचं सीलंट) ओल्या पत्र्याला धरत नाही, फुगा येऊन सुटतं. मधल्या काळात गळती दिसेनाशी होते आणि इंधन आतल्या आत नवी वाट शोधतं. सिलिकॉनची ट्यूब तर इंधनाजवळ आणायचीच नाही, ते इंधनात फुगून सुटतं आणि त्याचे तुकडे थेट स्ट्रेनरच्या जाळीवर जाऊन बसतात.

व्हॉल्व्ह आवळण्याबद्दल: गळते ती बहुधा ओ-रिंग, तीही चपटी किंवा कडक झालेली असते म्हणून. आवळल्याने ती बरी होत नाही. फ्लेअर जोडाचं (नळीचं तोंड फाकवून केलेल्या) तर उलटंच होतं. ॲल्युमिनियमच्या ३/८ इंची नळीला टॉर्क ७५ ते १२५ इंच-पौंड. त्यात गळत असेल तर जोड सोडून फ्लेअरचं तोंड पाहायचं. जास्त पीळ दिला की फ्लेअर पातळ होऊन तडकतो.

पिंपातलं_पाणी

पाण्याचं मी सांगतो. एकच टाकी आणि तीही पावसानंतरच, म्हणजे पहिला संशय झाकणावर. उजव्या झाकणाची ओ-रिंग काढून बोटांत दाबून बघा. कडेला चपटी झाली असेल, बारीक चिरा असतील किंवा नखाला कडक लागत असेल तर बदला. झाकण जिथे बसतं त्या कड्यावर गंज किंवा टवका आहे का तेही पाहा, कारण कडं खराब असेल तर नवी ओ-रिंगही पाणी आत सोडते. झाकणातच व्हेंट (हवा आत घेणारं छिद्र) असेल तर त्यातला व्हॉल्व्ह नीट बसतो का हेही तपासा. कव्हर घालता ते झाकणावर पाणी धरून ठेवणारं नाही ना? भिजलेलं कव्हर घट्ट बसलं की झाकणाभोवती तळं होतं आणि पाऊस थांबल्यावरही पाणी आत झिरपत राहतं.

झाकणाची ओ-रिंग पार्ट्स कॅटलॉगमधल्या क्रमांकाचीच घ्या. बाकीच्या ठिकाणी प्रमाणित ओ-रिंग लागते तिथे एमएस२९५१३ मालिका इंधनासाठी आहे आणि एमएस२८७७५ हायड्रॉलिक तेलासाठी. आकार सारखाच, रंगही काळाच, म्हणून गफलत होते. पाकीट फोडण्याआधी क्रमांक आणि क्युअर तारीख (रबर पक्कं केल्याची) वाचा.

डावीकडचा मुख्य व्हेंट पंखाखाली स्ट्रटजवळ (पंखाला आधार देणाऱ्या दांड्याजवळ) आहे, त्याकडेही बघाच. उभ्या विमानाच्या त्या नळीत कुंभारमाशी हमखास मातीचं घर करते. व्हेंट बुजला की टाकीत निर्वात होतो आणि इंधनाचा पुरवठा तुटू शकतो. माती बाहेरून आत ढकलू नका, आत चेक व्हॉल्व्ह (एकतर्फी झडप) आहे.

सॅम्पल घेताना सगळे १३ ड्रेन घ्या, प्रत्येक पंखाला ५ आणि नाकाखाली ३. पाणी निघालं तर ते थांबेपर्यंत काढत राहा. मग पंख हलकेच हलवा, शेपूट खाली दाबा, थोडा वेळ थांबा आणि पुन्हा घ्या. एक फसगत नेहमीची आहे. कपात सगळं पाणीच आलं तर मधली रेषा दिसतच नाही आणि स्वच्छ इंधन असल्यासारखं वाटतं. १००एलएल (हेच ॲवगॅस) निळं असतं. निळा रंग नाही, वास नाही, तर ते पाणी. खात्री नसेल तर कपात बाहेरून दोन थेंब पाणी टाका. ते तळाशी वेगळे बसले तर वरचं इंधन आहे, मिसळून गेले तर सगळं पाणी.

इंधन पिंपातून भरत असाल तर पिंप उभं ठेवता का? पावसात वरच्या कड्याच्या आत पाणी साचतं, रात्री पिंप थंड झालं की बुचाच्या आट्यांमधून ते आत ओढलं जातं. पिंप आडवं ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी. गॅस्केट इंधनाने ओलं राहतं आणि पावसाचं पाणी बुचावर थांबत नाही. भरताना पाणी अडवणारा फिल्टर हवाच, आणि पिंपाच्या तळाला वॉटर-फाइंडिंग पेस्ट लावलेली काठी घालून बघायची सवय ठेवा.

होजवाला

होजचं उत्तर सरळ आहे: बदला. इंजिन कप्प्यातल्या रबरी इंधन होजांना सेसनाची मुदत ५ वर्षं किंवा इंजिन ओव्हरहॉल, जे आधी येईल ते. टेफ्लॉनचे असतील तर १० वर्षं किंवा ओव्हरहॉल. बाहेरून ठणठणीत दिसणं हा पुरावा नाही. रबर आतून कडक होतं, आतला थर सुटून झडपेसारखा उभा राहतो आणि पंप चालू असताना इंधन अडवतो. नवीन घेताना क्युअर तारीख आणि जोडणीची तारीख वेगळ्या असतात हे लक्षात ठेवा. दुकानात ३ वर्षं पडून राहिलेला होज स्वस्त मिळतो खरा, पण मुदत कुठल्या तारखेपासून धरायची हे कॅमोकडून (विमानाची उड्डाणयोग्यता सांभाळणाऱ्या संस्थेकडून) आधी लेखी ठरवून घ्या. टेफ्लॉनचा जुना होज काढलात तर सरळ करायचा प्रयत्न करू नका. तो वापरात ज्या आकारात बसलाय त्यातच ठेवायचा, सरळ केला की आतून मुडतो.

इंजिनचं झाकण उघडलंच आहे तर इंजेक्टरच्या बारीक इंधन नळ्या पाहून घ्या. लायकमिंगचं अनिवार्य बुलेटिन ३४२ आणि त्यावरचा एफएएचा (अमेरिकी विमान नियामकाचा) एडी, म्हणजे बंधनकारक आदेश, याच नळ्यांसाठी आहे. दर १०० तासांच्या तपासणीत आणि नळ्या सोडल्या किंवा हलवल्या की बघायचं. सोल्डर केलेल्या टोकाशी तडा, क्लॅम्पमधली रबरी गादी झिजलेली, नळी कुठे घासतेय, निळे डाग. गादी नसलेल्या क्लॅम्पमुळे नळी थरथरते आणि थकून तुटते, इंधन थेट गरम सिलिंडरवर जातं.

पंखातून सिलेक्टरकडे (टाकी निवडायच्या झडपेकडे) येणाऱ्या ॲल्युमिनियम नळ्यांना ओरखडा असेल तर: भिंतीच्या जाडीच्या १० टक्क्यांहून खोल नाही आणि वाकणाच्या बाहेरच्या टाचेवर नाही, तर घासून गुळगुळीत करता येतो. पोचा व्यासाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी असेल आणि टाचेवर नसेल तर चालतो. नवी नळी केली तर फ्लेअर ३७ अंशांचा. गॅरेजमधलं ४५ अंशांचं हत्यार वापरलं तर जोड बसल्यासारखा वाटतो आणि गळतो. आट्यांना टेफ्लॉन टेप नको, तिचे धागे इंजेक्टरच्या नोझलमध्ये अडकतात.

दवबिंदू

पावसाळ्यात टाकी उघडण्याबद्दल. काम होतं, पण हवा बघून.

२७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता, हे आपल्याकडचं जुलैचं नेहमीचं. दवबिंदू २५ च्या आसपास येतो, म्हणजे पत्रा दोन अंशांनी थंड असला तरी त्यावर न दिसणारी ओल धरते. सीलंट ओलीवर बसतं आणि सोलून निघतं. पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवा. बंद शेडमध्ये हवा कोरडी करून २५ अंश आणि ५५ टक्क्यांवर आणली तर दवबिंदू १५ च्या आसपास उतरतो, मग निर्धास्त काम करा. मात्र एसी, डीह्युमिडिफायर टाकीजवळ चालू ठेवायचे नाहीत, त्यांच्या मोटारी आणि रिले स्फोटरोधक नसतात. हवा बाहेरून नळीने आत द्या.

क्लास बी-२ सीलंटचा कामाचा वेळ दोन तास, पण तो २५ अंश आणि ५० टक्क्यांना. गरम, दमट हवेत मिश्रण खूप लवकर घट्ट होतं. दोन तासांच्या भरवशावर मोठं मिश्रण करू नका, तासाभरात संपेल इतकंच करा. प्रमाण वजनावर मोजा, अंदाजाने नाही. क्युअरला बी-२ ला ७२ तासांपर्यंत धरा. जुनं सीलंट प्लास्टिकच्या पातीने काढायचं, पोलादी पातीने पत्र्याचं आवरण गेलं की खाऱ्या हवेत तिथेच गंज सुरू. पुसताना द्रावक सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने उचलायचं, नाहीतर मळ विरघळून पुन्हा तिथेच बसतो.

डिफ्युएल करताना (टाकीतलं इंधन काढताना) विमान, पंप आणि पिंप तिघांना बाँडिंगच्या वायरने जोडा, बॅटरी काढा, नायलॉनचे कपडे नकोत, अग्निशामक हाताशी. मीटरवर स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांखाली वाफ आल्याशिवाय टाकीत हात घालू नका. दाबोळीला असाल तर जागा नौदलाची आहे, कुठे आणि कधी डिफ्युएल करायचं याची परवानगी आधी घ्या.

झुआरीकाठ

धन्यवाद. ३० मिनिटांनी ओल जेमतेम अर्ध्या इंचाची. म्हणजे नुसता डाग, असं वाटलं होतं. फेअरिंग काढून पावडर टाकली तर ड्रेन कोरडा आणि बुडाच्या रिबवर (पंखाच्या आतल्या आडव्या पत्र्यावर) इंधन-मापकाच्या सेंडरचं (पातळी मोजणाऱ्या भागाचं) गॅस्केट ओलं. आत जुना निळा माग आहे. विमान दुरुस्तीसाठी दुसरीकडे उडवत नेता येईल का?

कोरडं_कापड

पंख आणि केबिनमधली जागा म्हणजे बंदिस्तच. अर्धा इंच असला तरी उडवायचं नाही, बाब. केबिनच्या छताचं कापड खालून हुंगून पाहा, तिथपर्यंत वास आला असेल. स्पेशल फ्लाइट परमिटसाठी अर्ज करता येतो, पण जिथे वाफ साठते तिथली गळती आहे आणि इंधन भरूनच जायचंय. कॅमो सही करेल असं वाटत नाही, करूही नये. सेंडर जागेवरच बदलून होतो.

टाकी सेंडरच्या पातळीखाली रिकामी करा, वायर काढा, सेंडर काढताना फ्लोट वाकणार नाही असा बाहेर घ्या. जुनं गॅस्केट एका बाजूला जास्त दबलेलं दिसलं तर मागच्या वेळी स्क्रू एकाच फेरीत आवळले होते. नवीन गॅस्केट, सीलिंग वॉशर, समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून, टॉर्क मॅन्युअलमधला. गॅस्केट कडेने बाहेर फुगलं की थांबा. सेंडरचं बॉडी-अर्थिंग तपासा, गंजलेला अर्थ असला की काटा चुकतो.

त्यानंतर टाकीत वापरता न येणारं इंधन, म्हणजे या विमानाला एका टाकीत १.५ गॅलन, साधारण ५.७ लिटर, घालून विमान उड्डाणाच्या स्थितीत समतल करा. काटा शून्यावर हवा. मग टप्प्याटप्प्याने भरा, पूर्ण भरल्यावर कोरडी करून ३० मिनिटांनी पुन्हा पावडर. हवेच्या दाबाने चाचणी करायची झाली तर पाण्याच्या मॅनोमीटरवरच. अर्धा पीएसआय म्हणजे १३.८ इंच पाणी, आणि अशा टाक्यांना मर्यादा त्याच घरातली असते. कॉम्प्रेसरची नळी सरळ लावली तर टाकीची शिवण उघडेल.

स्टोअर_रूम

कागदाचं राहिलं. सेंडर आणि होजला वापरयोग्यतेचा दाखला, म्हणजे सीए फॉर्म १, एफएए ८१३०-३ किंवा ईएएसए फॉर्म १ पाहिजे, ओ-रिंग आणि स्क्रूला अनुरूपता प्रमाणपत्र. लॉगबुकमध्ये मॅन्युअलचं प्रकरण आणि सुधारणा क्रमांक, सीलंटचा बॅच आणि मुदत, चाचणीचा निकाल लिहा. पिस्टन विमानाला सही बी१.२ चा अधिकार असलेल्या एएमईची (परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याची). मॅन्युअलमध्ये नसलेली दुरुस्ती, उदाहरणार्थ रिबवर ठिगळ, करायची वेळ आली तर मंजूर आराखडा आधी. होज आणि एडीची नोंद त्याच कामात मिटवून टाका, एआरसीच्या वेळी रिव्ह्यू करणारा पहिला तोच कागद मागतो.

झुआरीकाठ

सेंडर, गॅस्केट आणि होज मागवतोय. झाकणाच्या ओ-रिंगचा क्रमांक डाव्या-उजव्याला एकच का?

पिंपातलं_पाणी

गृहीत धरू नका. तुमच्या अनुक्रमांकाची पार्ट्स कॅटलॉगमधली आकृती उघडून दोन्हींचे क्रमांक वेगवेगळे बघा. आणि नवी ओ-रिंग घालताना एमआयएल-जी-६०३२ च्या इंधनरोधक ग्रीसचा नुसता हात फिरवा, साधं ग्रीस इंधनात विरघळतं.