मदत हवी आहे: राज्यपालांनी परत पाठवलेलं विधेयक पुन्हा मंजूर करायला दोन-तृतीयांश मतं लागतात का?

नागरिकशास्त्रवाली
नमस्कार मंडळी. नागपुरात नववीला शिकवते. हिवाळी अधिवेशन आलं की मोर्चे, बॅरिकेड्स, सिव्हिल लाइन्समधले बंद रस्ते हेच लेकरांना दिसतं. म्हटलं, आत काय चालतं तेही कळू दे. म्हणून शाळेत अभिरूप विधानसभा घेतली.

'दप्तराचं ओझं कमी करण्याचं विधेयक' मंजूर झालं. राज्यपाल झालेल्या पोट्ट्यानं ते फेरविचारासाठी परत पाठवलं (त्याला कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःच वाचून आला होता). दुसऱ्यांदा मतदान झालं तेव्हा 48 जण हजर होते. बाजूने 27, विरोधात 21. अध्यक्षांच्या खुर्चीत मी. दोन-तृतीयांश म्हणजे 32 हवेत, सबब विधेयक पडलं, असं मी ठोकून दिलं.

एक मुलगी उठली, "मॅडम, पुस्तकात 32 कुठं लिहिलंय?" मला दाखवता आलं नाही. शनिवारी पुढची बैठक आहे. चुकले का मी?

जुनाकारकून
चुकलात ताई, पण ही चूक पुष्कळांची होते. अनुच्छेद 200 मध्ये दोन-तृतीयांश हा शब्दच नाही. राज्यपालांनी विधेयक परत पाठवलं आणि सभागृहानं ते दुरुस्ती करून किंवा जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं, की राज्यपालांनी अनुमती रोखायची नाही. बहुमत साधंच, हजर राहून मत देणाऱ्यांचं. तुमचे 27 पुरेसे होते.

दोन-तृतीयांश आलं अमेरिकेतून. तिथं राष्ट्राध्यक्षांचा नकार मोडायला दोन्ही सभागृहांत तेवढी मतं लागतात. 2016 मध्ये 11 सप्टेंबरच्या हल्ल्यातल्या पीडितांच्या कुटुंबांना सौदी अरेबियावर दावा करू देणारं विधेयक ओबामांनी नाकारलं. सिनेटनं 97 विरुद्ध 1 आणि प्रतिनिधीगृहानं 348 विरुद्ध 77 मतांनी तो नकार उलथवला. बातम्यांत हेच आकडे येतात, म्हणून डोक्यात बसतात. शिवाय आपल्याकडे घटनादुरुस्तीला दोन-तृतीयांश लागतातच, त्याचीही सरमिसळ होते.

केंद्रातही तुमच्यासारखंच घडलंय. 2006 मध्ये लाभाच्या पदाचं विधेयक राष्ट्रपती कलामांनी परत पाठवलं. संसदेनं काना-मात्रा न बदलता पुन्हा मंजूर केलं आणि त्यांनी सही केली.

धंतोलीकर
दोन गोष्टी मी जोडतो जी. धन विधेयक असेल तर परत पाठवताच येत नाही, तेव्हा दप्तराच्या विधेयकात कर-बिर घुसवला नाही ना ते पाहा. आणि आपल्याकडे विधानसभा 288 ची, तिच्यासोबत 78 ची विधान परिषदही आहे. खरं विधेयक पुन्हा दोन्हीकडून जावं लागतं. शाळेत एकच सभागृह असेल तर सोडा.

नागरिकशास्त्रवाली
कर नाही, परिषदही नाही. पण आता नवीन लफडं. राज्यपालसाहेब म्हणतात, "पुढचं विधेयक मी परत पाठवणारच नाही, थेट राष्ट्रपतींकडे पाठवतो." असं चालतं का?

जुनाकारकून
पोट्टं हुशार आहे! खरी मेख तिथंच आहे. राज्यपालांनी विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलं की अनुच्छेद 201 लागतो. राष्ट्रपती ते राज्यपालांमार्फत परत पाठवू शकतात, मग सभागृहानं 6 महिन्यांत फेरविचार करायचा. पण पुन्हा मंजूर करून पाठवलं तरी राष्ट्रपतींवर सहीचं बंधन नाही. 27 काय, 48 पैकी 48 मतं पडली तरी नाही. म्हणजे परत आलेल्या विधेयकावर सभागृहाचं चालतं, राखून ठेवलेल्यावर चालत नाही. आपलं शक्ती विधेयक आठवा, डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळानं मंजूर केलं, राष्ट्रपतींकडे गेलं, कायदा काही झाला नाही.

धंतोलीकर
आणि त्यानं काहीच केलं नाही, नुसतं खिशात घालून बसला तर?

जुनाकारकून
त्याचाही दाखला आहे. 1986 च्या टपाल विधेयकावर राष्ट्रपती झैलसिंग यांनी सहीही केली नाही आणि परतही पाठवलं नाही. राज्यपालांबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयानं बरंच बोलून ठेवलंय. एप्रिल 2025 मध्ये तमिळनाडूच्या 10 विधेयकांना अनुमती मिळाली असं मानलं आणि मुदतीही घालून दिल्या. नोव्हेंबर 2025 मध्ये घटनापीठानं मत दिलं की न्यायालयानं अशा मुदती घालू नयेत, 'अनुमती मानली' असंही म्हणता येत नाही. पण अनुमती रोखायची तर विधेयक सभागृहाकडे परत पाठवावंच लागेल. मला स्वतःला मुदतीशिवायचा हा मामला पटत नाही, तो वाद वेगळा.

नागरिकशास्त्रवाली
आभार दोघांचे. शनिवारी पहिलं काम म्हणजे माझा निर्णय मागे घेणं, तोही त्या मुलीचं नाव घेऊन. 27 विरुद्ध 21, विधेयक मंजूर. राज्यपालांना सही करावी लागेल. दुसरं विधेयक डब्यातल्या मॅगीवर बंदीचं आहे, ते राखून ठेवलं तर राष्ट्रपती कोण, हे अजून ठरायचंय. मुख्याध्यापक तयार नाहीत.