मदत हवी आहे: सावलीतला हा कस्तूर कोणता?

सातारा, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची बाग. आंब्याखाली ओला पालापाचोळा. थंडी पडल्यापासून रोज सकाळी एक पक्षी येतो: बुलबुलाहून जरासा लहान पण अंगाने भरीव, वरून सपाट तपकिरी, पोटावर पांढऱ्यावर गडद खवले, डोळा मोठा. पंखात पांढरा पट्टा नाही, म्हणजे दयाळची मादी बाद. निळ्या कस्तुराची मादी म्हणावी तर ती गच्चीवर, कातळावर उघड्यावर बसते. हा सावली सोडत नाही, फांदीवरून उतरून किडा उचलतो नि परत वर. म्हणून निळ्या टोपीच्या कस्तुराची मादी वाटते. ॲप दोन्ही नावं आलटूनपालटून देतं. आवाज ऐकू आलेला नाही, आणि रेकॉर्ड केलेली हाक वाजवून त्याला त्रास द्यायचा नाही. सावलीत मोबाईलचे फोटो धूसर येतात. तेव्हा नेमकं काय टिपू, चोचीची लांबी, पाठीवरची निळसर झाक की पोटावरचे खवले?