जुना कॉम्प्युटर व्हीजीएचा, टीव्ही एचडीएमआयचा: ‘नो सिग्नल’ येते

पांदण_रस्ता:
गावच्या अभ्यासिकेत (ता. दारव्हा, जि. यवतमाळ) ३२ इंची टीव्ही आहे. मागे दोन एचडीएमआय आणि लाल-पांढरा-पिवळा एव्ही, बाकी काही नाही. कॉम्प्युटर ऑफिसातून निघालेला सेकंडहँड, विंडोज १०, मॉनिटर निळ्या व्हीजीएवर चालते. एका टोकाला व्हीजीए, दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी साधी वायर लावली तर टीव्ही ‘नो सिग्नल’ दाखवते. सोर्स बरोबर आहे, दोन्ही पोर्ट पाहिले. पोरांना व्हिडिओ दाखवायचे आहेत, म्हणून आवाजही टीव्हीतूनच पाहिजे. टेबल टीव्हीपासून २५ फुटांवर. काय घ्यावं?

तारजोड:
ती वायर दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाका. व्हीजीएतून ॲनालॉग सिग्नल येते, एचडीएमआयला डिजिटल लागते. मधात चिप असल्याशिवाय एकाचं दुसरं होत नाही, आणि त्या वायरीत नुसत्या तारा आहेत.

‘व्हीजीए टू एचडीएमआय कन्व्हर्टर’ मागा, शब्द याच क्रमाने. ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ दिसायला तसाच, पण उलट्या दिशेचा. नवा लॅपटॉप जुन्या प्रोजेक्टरला जोडायला तोच लागते, म्हणून सवयीने तोच हातात येते. आपल्याला पाहिजे त्याची व्हीजीएची बाजू पिनांची, एचडीएमआयची बाजू भोकाची. सोबत विजेसाठी यूएसबी आणि ३.५ एमएमची ऑडिओ वायर.

ऑडिओ वायर सीपीयूच्या हिरव्या जॅकमध्ये घाला, कारण व्हीजीएतून आवाज जातच नाही. विंडोजमध्ये आऊटपुट ‘स्पीकर्स’च राहू द्या. लोक तिथे टीव्हीचं नाव शोधत बसतात. या जोडणीत ते दिसणार नाही. रिझोल्यूशन १२८०×७२०, ६० हर्ट्झ. जुना मॉनिटर ७५ हर्ट्झवर सेट असला तर टीव्ही काळाच राहू शकते.

एव्हीचा कन्व्हर्टर कोणी सुचवला तर घेऊ नका. सिनेमा दिसेल, अक्षरं वाचता येणार नाहीत.

काळीमाती:
थांबा जी, पैसे टाकाच्या आधी सीपीयू फिरवून पाहा. ऑफिसातल्या पेट्यांत व्हीजीएच्या बाजूले बहुतेक वेळा अजून एक पोर्ट रायते. एचडीएमआयएवढाच, पण एकच कोपरा कापलेला.

पांदण_रस्ता:
आहे! दोन आहेत. वर ‘डीपी’सारखं चिन्ह आहे.

काळीमाती:
मंग व्हीजीएचा नाद सोडा. तो डिस्प्लेपोर्ट. ‘डीपी टू एचडीएमआय’ अडॅप्टर घ्या, आवाजही त्यातूनच जाते. इथं मात्र तारजोडभाऊनं सांगितलं त्याच्या उलटं करा: आऊटपुटमध्ये टीव्हीच निवडा.

विंडोज+पी दाबून ‘डुप्लिकेट’ नका करू. मॉनिटर चौकोनी असला तर त्याच्या मापानं टीव्हीवरचं चित्रही बिघडते. ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ करा. अन् डीपीच्या प्लगवर खटका असला तर तो दाबूनच काढा, नाहीतर पोर्ट उखडून येईन.

२५ फुटांसाठी वायर कायले ओढता? सीपीयू टीव्हीखाली न्या, कीबोर्ड-माउस वायरलेस घ्या. वायरच पाहिजे असंल तर १० मीटरची चांगली घ्या. चित्रात चांदण्यासारखे ठिपके चमकले तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा, निभून जाते.

तारजोड:
डीपी असेल तर माझा कन्व्हर्टर बाद, मान्य. पण जोडण्याआधी आर्थिंग तपासा, आपल्याकडे पोर्ट जळतात ते इथे. थ्री-पिनला आर्थिंग नसलं तर सीपीयूच्या पत्र्यावर शंभराच्या वर व्होल्ट तरंगतात. करंट कमी असते, हाताला झिणझिण्या येतात. पण चालू टीव्हीत वायर खुपसली की तेच एचडीएमआयच्या चिपमधून जाते. पत्र्याला टेस्टर लावा. पेटला तर आधी वायरमनला बोलवा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळून सुकते, चांगलं आर्थिंगही कमजोर पडते. खड्ड्यात पाणी ओतत जा.

दोन्हीचे प्लग काढून वायर जोडा, मग एकाच बोर्डावर दोन्ही लावा. डिशची वायर त्याच टीव्हीला असेल तर विजा कडाडताना तीही काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

पांदण_रस्ता:
चित्र आलं, आवाजही आला. पण खालची टास्कबार अर्धी कापली जाते.

काळीमाती:
ते ओव्हरस्कॅन, म्हणजे टीव्ही चित्र थोडं ताणून कडा कापते. टीव्हीच्या रिमोटवरून पिक्चर साइज किंवा आस्पेक्टमध्ये जा, ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ नाहीतर ‘१:१’ असं काही असंल ते निवडा. कंपनीपरत नाव बदलते. काही टीव्हीत त्या एचडीएमआय इनपुटचं नाव बदलून ‘पीसी’ केलं तरी होते.

पांदण_रस्ता:
‘जस्ट स्कॅन’ने झालं.