मदत हवी आहे: मामांना अ‍ॅस्बेस्टॉसिस, भरपाईसाठी कुठं जायचं?

नमस्कार मंडळी. आमचे मामा १९८९ पासून १८ वर्षं राजस्थानात अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणीत ड्रिलिंगला होते. आता कोल्हापुरात आमच्याकडेच असतात. पंचगंगेच्या घाटाच्या चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. बोटांची टोकं इतकी फुगलीत की अंगठी कापून काढावी लागली. आधी एका ठिकाणी टीबी समजून सहा महिने गोळ्या दिल्या, थुंकीत काही सापडलं नव्हतं तरी! आता सीटी स्कॅनवरून अ‍ॅस्बेस्टॉसिस कळला. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून फुफ्फुसात जाऊन रुतून बसतात आणि आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो.

सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या निकालाप्रमाणे कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं ठेवायच्या असतात. खाणवाले दादच देत नाहीत. भरपाईचा दावा इथून लावता येईल का? सीपीआरमध्ये (कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय) कुणाला भेटावं? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. मामा हल्ली रात्री बसूनच झोपतात.